मिळून राखायचं लक्ष

टोरांटोच्या पूर्व भागात, स्कारबरोमध्ये, हायलँड क्रीकच्या दरीकाठी, काँक्रीटची एक लांबच लांब इमारत आहे. जॉन अँड्र्यूज या ऑस्ट्रेलियन वास्तुरचनाकारानं ती टोरांटो विद्यापीठाच्या स्कारबरो महाविद्यालयासाठी आखली आणि १९६६ च्या जानेवारीत तिथं वर्ग भरू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी तेव्हा महाविद्यालयाच्या वयात येत होती. विद्यार्थी भरमसाट आणि प्राध्यापक मोजके, अशी स्थिती. म्हणून इथल्या शिकवण्याचा मोठा भाग दूरचित्रवाणीवरून करायचं ठरलं. इमारतीतच स्टुडिओ बांधले गेले, वर्गांमध्ये संच लावले गेले. व्याख्यान एकदा चित्रित करायचं आणि हवं तितक्या विद्यार्थ्यांना दाखवायचं, अशी ही योजना होती.

ती फार काळ टिकली नाही. पडद्यावरच्या प्राध्यापकाला समोरचे चेहरे दिसत नव्हते. कुणाच्या कपाळावर आठी उमटली, कोण पेंगू लागलं, कुणाचा हात वर गेला, यातलं काही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. विद्यार्थ्यांची टीका वाढत गेली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रयोग आवरता घेतला गेला. जॉन अॅलन ली या समाजशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये ‘टेस्ट पॅटर्न’ या नावानं त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला.

आज त्याच परिसरात पडद्याचा आणि लक्षाचा अभ्यास पुन्हा चालू आहे. आता पडदा हातात मावतो आणि त्यावर काय बघायचं ते बघणारा क्षणोक्षणी बदलू शकतो. इंटरनेटमुळे आपली एकाग्रता कमी झाली का, हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. बहुतेक वेळा त्याचं उत्तर ‘मुलांचा स्वतःवर ताबा राहिला नाही’ असं दिलं जातं. हे उत्तर अपुरं आहे. लक्ष एकट्याच्या डोक्यात तयार होत नाही. भोवतालची माणसं, जागा आणि ठरलेली वेळ यांच्या आधारानं ते टिकतं. तो आधार जिथं सुटतो तिथं लक्ष सुटतं आणि जिथं तो पुन्हा उभा केला जातो तिथं लक्ष परत येतं.

कंटाळ्याचा प्रयोग

केटी टॅम आणि मायकल इन्झलिक्ट हे टोरांटो विद्यापीठाच्या स्कारबरो परिसरातले मानसशास्त्रज्ञ. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सात प्रयोग आणि बाराशेहून अधिक सहभागी, असा त्याचा पसारा होता. आपण एक व्हिडिओ अर्धवट टाकून दुसऱ्यावर जातो ते कंटाळा टाळण्यासाठी. पण त्यानं कंटाळा खरंच टळतो का, हा त्यांचा प्रश्न होता.

एका प्रयोगात स्कारबरोच्याच विद्यार्थ्यांना दोन पद्धतींनी व्हिडिओ बघायला दिले. एकदा दहा मिनिटांचा एकच व्हिडिओ होता आणि तो पुढं ढकलायची सोय नव्हती. एकदा पाच-पाच मिनिटांचे सात व्हिडिओ होते, वेळ तेवढाच दहा मिनिटांचा, आणि हवं तेव्हा एकावरून दुसऱ्यावर जाण्याची पूर्ण मुभा. दुसऱ्या पद्धतीत विद्यार्थी जास्त कंटाळले. एकच व्हिडिओ सलग बघताना त्यांना जास्त समाधान वाटलं, मन जास्त रमलं आणि बघितलेलं जास्त अर्थपूर्ण वाटलं. दहा मिनिटांचा व्हिडिओ सलग बघणं आणि पन्नास मिनिटांचा व्हिडिओ दहा मिनिटांत मागं-पुढं सरकवत बघणं, या तुलनेतही तसंच दिसलं. माणसांचा आधीचा अंदाज मात्र उलटा होता. बदलत राहिलं की कंटाळा येणार नाही, असंच त्यांना वाटत होतं.

सगळ्या प्रयोगांचा निकाल एकसारखा नव्हता. अमेरिकेतल्या, वयानं थोड्या मोठ्या सहभागींमध्ये हा फरक ठळकपणे दिसला नाही. त्यामुळे हा नियम प्रत्येक वयाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण विद्यार्थ्यांबद्दल त्यानं सांगितलेली गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या कृतीला आपण कंटाळ्यावरचं औषध समजतो तीच कंटाळा वाढवत असू शकते.

असं का होत असावं? टोरांटोच्याच यॉर्क विद्यापीठातले जॉन ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कंटाळ्याची एक व्याख्या मांडली. मन कशात तरी गुंतवायची इच्छा आहे, पण ते गुंतत नाही, ही अस्वस्थ अवस्था म्हणजे कंटाळा. या व्याख्येत कंटाळ्याचं मूळ समोरच्या गोष्टीच्या नीरसपणात नाही, ते लक्ष न गुंतण्यात आहे. कुठल्याही विषयात मन रुजायला वेळ लागतो. पात्रं ओळखीची व्हावी लागतात, मुद्दा कुठं चाललाय ते कळावं लागतं. पाणी तापायच्या आत भांडं चुलीवरून उतरवत राहिलं तर ते कधीच उकळत नाही, तसंच इथं घडतं. पहिल्या अर्ध्या मिनिटात रस वाटला नाही म्हणून आपण पुढं सरकतो आणि रस निर्माण होण्याची संधीच काढून घेतो. शिवाय पुढच्या व्हिडिओत याहून चांगलं काही असेल ही शक्यता सतत जागी राहते. त्या शक्यतेपुढं समोर आहे ते फिकं पडतं.

बदलण्याची किंमत

मानसशास्त्र लक्षाची निरनिराळी कामं मानतं. गर्दीतून एकच गोष्ट निवडणं हे एक काम. निवडलेल्या गोष्टीवर टिकून राहणं हे दुसरं. गरज पडेल तेव्हा एकीवरून दुसरीवर जाणं हे तिसरं. हातातला फोन या तिसऱ्या कामाला अखंड जुंपून ठेवतो.

जोशुआ रुबिनस्टाइन, डेव्हिड मेयर आणि जेफ्री इव्हान्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की एका कामावरून दुसऱ्यावर जाताना प्रत्येक वेळी थोडा वेळ खर्च होतो आणि काम जितकं गुंतागुंतीचं तितका हा खर्च मोठा. मेंदूला आधीचे नियम बाजूला ठेवून नवे नियम मांडावे लागतात. २००९ मध्ये सोफी लरॉय यांनी यातली आणखी एक बाजू दाखवली. पहिलं काम अर्धवट सोडून आपण दुसरीकडे वळलो, तरी मनाचा एक भाग पहिल्या कामातच रेंगाळत राहतो. गणित सोडवताना मैत्रिणीचा मेसेज वाचला, उत्तर न देता फोन खाली ठेवला आणि पुन्हा वहीत बघितलं, तर वहीत बघणारं मन पूर्ण राहिलेलं नसतं.

कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क दोन दशकं लोकांच्या संगणकापुढच्या वागण्याची मोजणी करत आहेत. २००४ च्या सुमारास माणसं एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं राहत. अलीकडच्या मोजण्यांत हा काळ ४७ सेकंदांपर्यंत खाली आलेला दिसतो. पण हा आकडा सवय सांगतो, कुवत सांगत नाही. याच माणसांना सिनेमागृहात तीन तास बसता येतं आणि क्रिकेटचा सामना अखेरच्या चेंडूपर्यंत बघता येतो.

सवय आणि कुवत यांची गल्लत एका प्रसिद्ध दाव्यात झाली आणि त्याचा उगम कॅनडातच आहे. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेनं २०१५ मध्ये एका अहवालात लिहिलं, की माणसाचं लक्ष टिकण्याचा काळ बारा सेकंदांवरून आठ सेकंदांवर आला असून तो आता गोल्डफिशपेक्षाही कमी आहे. जगभरच्या वृत्तपत्रांनी ते छापलं आणि आजही ते भाषणांमध्ये ऐकू येतं. पत्रकारांनी मागोवा घेतला तेव्हा या आकड्यांमागं कुठलंही मूळ संशोधन सापडलं नाही. गोल्डफिशची स्मरणशक्ती वाईट असते हेही खरं नाही. मुलांना माशाची उपमा देऊन घाबरवणं थांबवायला हवं. त्यांची कुवत शाबूत आहे. तिला सतत दुसरीकडे ओढलं जात आहे.

ही ओढ योगायोगानं तयार झालेली नाही. अर्थशास्त्राचं नोबेल पुढं मिळवणाऱ्या हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच सांगून ठेवलं होतं, की माहिती ज्या गोष्टीचा फडशा पाडते ती म्हणजे लक्ष. माहिती मुबलक झाली की लक्षाचा तुटवडा पडणार. तुटवडा असलेल्या वस्तूला बाजारभाव येतो. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपन्यांसाठी आपण पडद्यावर घालवलेलं प्रत्येक मिनिट म्हणजे कमाई. पूर्वी वेबपानाला शेवट असे. २००६ मध्ये अॅझा रॅस्किन यांनी पान कधीच न संपण्याची रचना केली आणि नंतर त्यांनी स्वतःच तिच्या परिणामांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. एक व्हिडिओ संपताच पुढचा आपोआप सुरू होणं, लाल ठिपक्यांमधले आकडे, कधी मजेदार तर कधी निरर्थक असं बेभरवशाचं बक्षीस, हे सगळं माणसानं ‘आता पुरे’ म्हणण्याची जागा पुसून टाकण्यासाठी आहे.

भारतात ही लाट फार वेगानं आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि इंटरनेट गावोगाव स्वस्त झालं. जून २०२० मध्ये सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच घेतली. त्यामुळे स्कारबरोतला भाचा टिकटॉक बघतो आणि त्याची साताऱ्यातली मामेबहीण रील्स बघते. अॅपचं नाव बदललं तरी अंगठ्याची हालचाल तीच राहते.

शेजारच्याचा पडदा

या विषयातला सर्वांत डोळे उघडणारा प्रयोग, माझ्या मते, टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओतलाच आहे. मॅकमास्टर विद्यापीठातल्या फारिया सना आणि यॉर्क विद्यापीठातले टीना वेस्टन व निकोलस सेपेडा यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना हवामानशास्त्रावरचं व्याख्यान ऐकायला बसवलं. काहींना सांगितलं, की लॅपटॉपवर टिपणं घेता घेता मध्येच इंटरनेटवरची छोटी कामंही करा. नंतरच्या चाचणीत या विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा ११ टक्के कमी गुण मिळाले. इथपर्यंत कुणालाच आश्चर्य वाटणार नाही.

दुसऱ्या प्रयोगात सगळ्या सहभागींकडे फक्त वही-पेन होतं. काहींच्या नजरेच्या टप्प्यात मात्र असे विद्यार्थी बसवले होते, जे लॅपटॉपवर भलतंच काही उघडत होते. स्वतः काहीही न करता, केवळ शेजारचा पडदा दिसत होता म्हणून, या वही-पेनवाल्यांचे गुण १७ टक्क्यांनी घसरले. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गटांचे आहेत, त्यामुळे ते एकमेकांशी तोलू नयेत. पण निष्कर्ष स्पष्ट आहे. माझ्या चंचलपणाची किंमत माझा शेजारीही भरतो.

हे एकदा पटलं की ‘ज्यानं त्यानं आपलं बघावं’ हा सल्ला गळून पडतो. ज्या वर्गात निम्म्या पडद्यांवर क्रिकेट आणि खरेदी चालू आहे, तिथं सालस मुलीनं मन लावून शिकावं असं म्हणणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. ज्या घरात जेवताना वडील बातम्या सरकवतात आणि आई मालिकेचा राहिलेला भाग बघते, तिथं मुलाला ‘फोन ठेव’ म्हणण्याला अर्थ उरत नाही.

इच्छाशक्तीबद्दलचं संशोधनही याच दिशेला बोट दाखवतं. स्कारबरोचे इन्झलिक्ट आणि ओटावाच्या कार्लटन विद्यापीठातल्या मरीना मिल्याव्स्काया यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाचा सत्रभर मागोवा घेतला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. मोहाशी झगडून, दात-ओठ खाऊन स्वतःला आवरणारी मुलं आपली उद्दिष्टं जास्त गाठतात असं त्यात दिसलं नाही. ज्यांच्या वाट्याला मोहच कमी आले ती मुलं पुढं गेली. मोहांना तोंड देत राहिलेल्यांच्या पदरी थकवा जास्त आला. म्हणजे मोहाशी रोज कुस्ती खेळण्यापेक्षा तो समोर येणारच नाही अशी व्यवस्था करणं फळतं. अशी व्यवस्था एकट्यानं करणं अवघड असतं. त्याला घर लागतं, वर्ग लागतो, कधी कधी अख्खं गाव लागतं.

साडेदहा तासांचं अंतर

परदेशातल्या मराठी घराला यात एक वेगळीच अडचण असते आणि इंटरनेटवरच्या बहुतेक सल्ल्यांत तिचा उल्लेखही नसतो. भारत आणि टोरांटो यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर आहे. जानेवारीत स्कारबरोमध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसात झालेले असतात. इकडे जेवणं आटोपून मुलांना गोष्ट सांगण्याची, शाळेची वही बघण्याची, दिवसभराचं बोलण्याची वेळ. नेमक्या त्याच वेळी तिकडचं सगळं गणगोत जागं होतं. शुभ सकाळचे संदेश, देवाचे फोटो, सोसायटीतल्या पाणीकपातीची चर्चा, भाचीचा निकाल आणि आईच्या रक्तदाबाचा आकडा, हे सगळं एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकामागून एक येऊन पडतं. सकाळी सातला मुलांचे डबे भरताना तिकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात आणि दुसरी लाट येते.

‘फोन दुसऱ्या खोलीत ठेवा’ हा सल्ला या घराला जड जातो तो यामुळे. त्या फोनमध्ये म्हातारे आई-वडील आहेत. शंभर फुटकळ संदेशांच्या मध्ये एखादा खरोखर महत्त्वाचा असू शकतो, या धास्तीनं माणूस शंभरही उघडून बघतो. मनाला सोडवत नाही ते व्यसनामुळेच असं नाही. त्यात माया आहे, काळजी आहे आणि दूर राहिल्याची रुखरुख आहे. ती ओळखूनच उपाय शोधला पाहिजे. तातडीचं असेल तर सरळ फोन करायचा, मेसेज करायचा नाही, असं तिकडच्या भावंडांशी एकदा स्पष्ट बोलून ठरवता येतं. मग ग्रुपचा आवाज निर्धास्तपणे बंद ठेवता येतो. आई-वडिलांशी बोलायला रोजची एक वेळ बांधून घेतली, की त्या बोलण्यालाही पूर्ण लक्ष मिळतं. दिवसभर पाठवलेल्या अंगठ्यांच्या चित्रांपेक्षा वीस मिनिटांचं सलग बोलणं आईला जास्त हवं असतं.

स्कारबरोच्या भूगोलाचाही यात वाटा आहे. हा भाग पसरलेला, अंतरं मोठी, बसचे प्रवास लांब. इथली लाइन ३ ही रेल्वे २४ जुलै २०२३ ला डबा घसरल्यानंतर पुन्हा सुरू झालीच नाही आणि तिचे प्रवासी बसमध्ये आले. रोजच्या या प्रवासात फोन हाच सोबती होतो. वाचनालयातून आणलेलं पुस्तक पिशवीत असेल तर हाच वेळ आठवड्याला एक पुस्तक देऊ शकतो.

कायदा कुठवर पोचतो

ऑन्टारिओ सरकारनं वर्गातल्या फोनवर पहिले निर्बंध नोव्हेंबर २०१९ मध्ये आणले. ते ढिलेच राहिले. म्हणून सप्टेंबर २०२४ पासून नियम कडक झाले. सहावीपर्यंतच्या मुलांनी फोन दिवसभर बंद आवाजात आणि नजरेआड ठेवायचा. सातवी ते बारावीच्या मुलांनी तास चालू असताना शिक्षकांच्या परवानगीशिवाय वापरायचा नाही. शाळेच्या नेटवर्कवरून समाजमाध्यमंही हटवायची.

त्याच वर्षी मार्चमध्ये टोरांटोच्या जिल्हा शाळा मंडळानं आणखी तीन मंडळांसह थेट कंपन्यांवर खटले दाखल केले. स्कारबरोच्या सार्वजनिक शाळा याच मंडळात येतात. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक मेटा, स्नॅपचॅटची स्नॅप आणि टिकटॉकची बाइटडान्स या त्या कंपन्या. मुलांना खिळवून ठेवण्यासाठीच ही उत्पादनं घडवली गेली, त्यामुळे शिक्षण विस्कळीत झालं आणि त्याचा भार शाळांवर पडला, असं मंडळांचं म्हणणं आहे. चारही मंडळांनी मिळून मागितलेली भरपाई चार अब्ज कॅनेडियन डॉलरहून अधिक आहे. न्यायालय काय म्हणेल ते म्हणेल. पण मुलाच्या लक्षाची जबाबदारी केवळ मुलावर टाकायला एका सार्वजनिक संस्थेनं नकार दिला, ही मोठी गोष्ट आहे.

कायदा शाळेच्या फाटकापर्यंत पोचतो. संध्याकाळ मात्र घराची असते. तिथं काय करता येतं याचा धडा सांगली जिल्ह्यातल्या एका गावानं घालून दिला आहे.

सात वाजताचा भोंगा

कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं गाव. शेती करणारी आणि साखर कारखान्यात काम करणारी माणसं. कोरोनाच्या काळात शाळा बंद पडल्या आणि अभ्यास मोबाइलवर आला. शाळा पुन्हा उघडल्या तरी मोबाइल हातातून सुटेना. संध्याकाळी मुलं फोनला चिकटलेली आणि मोठी माणसं टीव्हीपुढं, हे घरोघरचं चित्र झालं.

१४ ऑगस्ट २०२२ ला, सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानं, गावानं ठरवलं की रोज संध्याकाळी सात ते साडेआठ मोबाइल आणि टीव्ही बंद. सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि सगळ्यांनी पडदे मिटायचे. गावानं आधी महिलांची सभा घेतली, कारण मालिकांची वेळही तीच होती. मग ग्रामपंचायतीचे कर्मचारी, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावत राहिले. सुरुवातीला अनेकांना हे जमणार नाही असंच वाटलं होतं. हळूहळू त्या दीड तासात मुलं अभ्यासाला बसू लागली, मोठी माणसं वाचू लागली, एकमेकांशी बोलू लागली. देशभरातून आणि परदेशातून पत्रकार हे बघायला आले.

वडगावच्या या नियमाची ताकद त्याच्या वेळेत आहे. सातला भोंगा वाजला की सगळ्यांचा फोन एकदम बंद होतो, त्यामुळे बंद फोनमधून काही निसटतच नाही. मित्र ऑनलाइन नाहीत, ग्रुप शांत आहे, शेजारच्या घरातून मालिकेचं गाणं येत नाही. मोह आवरावा लागत नाही, कारण मोहच हजर नसतो. ओटावा आणि स्कारबरोच्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या नोंदींतून जे शोधलं ते या गावानं भोंगा बसवून अमलात आणलं.

आपल्याकडे मिळून लक्ष राखण्याची रीत नवीन नाही. गावोगावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं तेव्हा वाचक रांगेनं बसतात, एकाच सुरात, एकाच ओवीवर असतात. घरी एकट्यानं जे आठवडाभरात झालं नसतं ते तिथं पार पडतं, कारण शेजारच्याचा आवाज आपल्याला पुढच्या ओवीवर नेतो. पुण्यात सदाशिव पेठेच्या परिसरात स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी पदरचे पैसे मोडून अभ्यासिकेत जागा घेतात. खोलीवर टेबल-खुर्ची असतेच. तिथं मिळत नाही ते म्हणजे चहूबाजूंनी वाचत बसलेली माणसं. शेजाऱ्याचा पडदा लक्ष पळवतो हे जितकं खरं, तितकंच शेजाऱ्याचं उघडं पुस्तक ते परत आणतं हेही खरं.

परत येतं का?

गेलेली एकाग्रता परत येते का? अल्बर्टा विद्यापीठाचे नोआ कास्टेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये या प्रश्नाचं आश्वासक उत्तर प्रसिद्ध केलं. ४६७ जणांच्या फोनवरचं इंटरनेट दोन आठवडे बंद ठेवायचं ठरलं. कॉल आणि साधे मेसेज चालू होते, संगणकावर इंटरनेट वापरायलाही हरकत नव्हती. हातातलं, खिशातलं, उशापाशी असणारं इंटरनेट तेवढं बंद. सगळ्यांना ते पूर्ण काळ पाळता आलं नाही. तरीही मानसिक आरोग्य, समाधान आणि टिकून राहणारं लक्ष या तिन्हींपैकी निदान एका बाबतीत ९१ टक्के लोकांची सुधारणा झाली. लक्षातली सुधारणा तर वयाची दहा वर्षं मागं गेल्यासारखी होती. त्यांचा वेळ कुठं गेला हेही बघितलं गेलं. तो माणसांना भेटण्यात, व्यायामात आणि निसर्गात गेला.

दोन आठवड्यांत एवढं परत येत असेल तर हताश होण्याचं कारण नाही. पण ही सुधारणा टिकवायची असेल तर ती एकट्या माणसाच्या निर्धारावर सोडून चालणार नाही. निर्धार सोमवारी असतो आणि गुरुवारपर्यंत विरतो. वेळ, जागा आणि सोबत या तीन गोष्टी ठरलेल्या असतील तर निर्धार विरला तरी रीत चालू राहते.

स्कारबरोतल्या घराला मंदिराचा भोंगा नाही, पण स्वतःचा तास ठरवता येतो. जेवणाच्या आधीचा असो की नंतरचा, तो घरातल्या सगळ्यांना लागू असला पाहिजे आणि मोठ्यांना आधी. फोन सगळ्यांचे एकाच ठिकाणी राहावेत. एकाच इमारतीतली किंवा एकाच शाळेतली चार घरं मिळून तोच तास पाळू लागली तर मुलांना तो सोपा जाईल, कारण त्यांचे मित्रही त्याच वेळी पडद्यापासून दूर असतील. शनिवारी सगळ्यांनी जवळच्या वाचनालयात जाऊन बसता येईल. टोरांटोच्या सार्वजनिक वाचनालयाच्या शंभर शाखा आहेत आणि त्यातल्या अनेक स्कारबरोत आहेत. तिथं बसायला पैसे पडत नाहीत आणि पुण्यातला विद्यार्थी ज्यासाठी पैसे मोजतो ती वाचणारी सोबत तिथं आयती मिळते.

कंपन्यांकडे मागणी करणंही सोडू नये. पान संपलं पाहिजे, व्हिडिओ आपोआप सुरू होता कामा नये, मुलांच्या खात्यांना रात्री सूचना जाता कामा नयेत, हे नियम सरकारं करू शकतात आणि पालकांनी ते मागितले पाहिजेत. पण कायद्याची वाट बघत मुलांचं बालपण थांबत नाही. मन लावून ऐकणं, वाचणं, एखाद्या प्रश्नापाशी उत्तर सापडेपर्यंत बसणं, यांतूनच माणूस घडतो आणि माणसं एकमेकांची होतात. ज्या घराला, वर्गाला, गावाला हे जपायचं आहे त्यानं आपल्या मुलाला एकट्याला झुंजायला लावू नये. त्याच्या शेजारी बसावं, आपलाही पडदा मिटावा आणि तो तास रोज पाळावा.